गॅरेजात लपवलेला पिवळा कोट

मी एक जुना पिवळा कोट आहे. मित्रांनो, अशी सुरुवात झाली की पुढे कोटाने गोड आवाजात आपली कहाणी सांगायची आणि शेवटी सगळ्यांना माफ करून टाकायचं, असा रिवाज आहे. मला तो ठाऊक आहे. पण मला राग आलेला आहे आणि तो अजून उतरलेला नाही. तेव्हा मी सांगेन तसं ऐकून घ्या.

माझा पिवळा रंग हळदीचा किंवा झेंडूचा नव्हे. डोळ्यांत घुसतो तसला. छातीवर, पाठीवर आणि दोन्ही बाह्यांवर रुपेरी पट्टे आहेत; गाडीचा दिवा पडला की ते झगमगतात. रस्ते खणणारे, रेल्वेचे रूळ तपासणारे, मैदानाच्या फाटकावर उभे राहणारे लोक माझ्यासारखे कोट घालतात. इंग्लंडात आम्हाला हाय-व्हिज म्हणतात. अंधार असो, धुकं असो, आतला माणूस लांबून दिसावा, कुणी त्याच्या अंगावर गाडी घालू नये, एवढ्यासाठी आमचा जन्म. ज्या बाईने मला शिवलं तिने माझा प्रत्येक पट्टा दिव्याखाली धरून पाहिला होता. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढे माझं काय केलं ते ऐकून तुम्हालाही चीड येईल.

लंडनमधल्या हॅरोच्या एका मराठी मंडळाने मला आणि माझ्या भावंडांना गणेशोत्सवासाठी मागवलं. शाळेचा हॉल भाड्याने घ्यायचा, माणसं लांबलांबून गाड्या घेऊन यायची आणि शेजारच्या गोऱ्या आजीबाईंच्या दारात गाडी लावून आरतीला पळायची. मग तक्रारी, मग कौन्सिलचे फोन. म्हणून पार्किंगला स्वयंसेवक उभे केले आणि त्यांच्या अंगावर आम्ही. मी स्वरालीच्या वाट्याला आलो. तेव्हा ती शाळेत होती. माझ्या बाह्या तिला दुमडून घ्याव्या लागायच्या.

काय उभी राहायची ती पोरगी! ओरडणं नाही, शिट्टी नाही. उजवा तळहात सरळ पुढे धरायची आणि भलीमोठी गाडी जागच्या जागी थांबायची. लांबच्या रीडिंग गावाहून येणाऱ्या रेखाकाकूंची चंदेरी गाडी तर ती दर वर्षी थांबवायची, कारण काकूंना दर वर्षी दारातच गाडी लावायची असायची. काकू काच खाली करून म्हणायच्या, "किती गुणी पोर आहे हो! आमच्या तनूला म्हणावं, बघ, शिक जरा!" स्टेजवरून स्वयंसेवकांचे आभार मानताना तिचं नाव पहिलं यायचं. स्वरालीचे बाबा, राजीव, मला स्वतःच्या हाताने झटकून गाडीच्या मागच्या सीटवर नीट पसरून ठेवायचे. माझे ते सुखाचे दिवस होते, हे मी नाकारत नाही.

वडीलधाऱ्या माणसाला मान द्यावा हे मला कळतं. पण इथून पुढे मी राजीवला अरे-तुरे करणार आहे. राग आलेला आहे, सांगितलं ना.

राजीव पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. स्वरालीने डॉक्टर व्हायचं हे त्याने ठरवलं होतं. केमिस्ट्री, बायॉलॉजी, मॅथ्स, सगळे विषय त्याच्या हट्टाचे. ए-लेव्हलचा, म्हणजे तिकडच्या बारावीचा, निकाल लागला तेव्हा व्हायचं तेच झालं. कुठल्याही युनिव्हर्सिटीने तिला घेतलं नाही. ती रडत बसली नाही. तिने डोळे पुसायच्या आधीच ठरवलं की हॅरोच्या कॉलेजात पब्लिक सर्व्हिसेसचा, म्हणजे पोलीस, अग्निशमन दल असल्या कामांचा, डिप्लोमा करायचा आणि मार्क चांगले पडले की त्यांच्या जोरावर युनिव्हर्सिटीत थेट दुसऱ्या वर्षाला जायचं. विषय क्रिमिनल जस्टिस. पोलीस कसे वागतात, कोर्ट कसं ठरवतं, तुरुंगातून बाहेर आलेल्या माणसाचं पुढे काय होतं, असं सगळं त्यात शिकवतात. वाट लांबची होती, पण सरळ होती. तिला लाज वाटावी असं त्यात काहीच नव्हतं.

तेवढ्यात रेखाकाकूंचा फोन आला. "काय मग, स्वराली कुठे?"

"लॉ," राजीव म्हणाला. "लॉ करतेय. वर यॉर्कशायरला, हॉस्टेलवर."

झालं. एका वाक्यात त्याने पोटच्या मुलीला घराबाहेर काढलं. त्याला वाटलं, खोटं बोलून मोकळं होता येतं. पण खोटं सांभाळावं लागतं. मुलगी यॉर्कशायरला असेल तर ती हॅरोच्या किराणा दुकानात दिसता कामा नये. मंडळाच्या दिवाळीला येता कामा नये. घरी कुणी आलं तर तिचे बूट दारात नकोत, तिचा आवाज जिन्यावर नको. खोटं राजीवचं होतं, पण ते रोज घासूनपुसून ठेवायचं काम पडलं आसावरीवर, स्वरालीच्या आईवर. बेल वाजली की ती आधी मुलीला वर पिटाळायची आणि मग दार उघडायची. "हळू बोल," हे तिचं घरातलं सगळ्यात जास्त वापरातलं वाक्य झालं. रेखाकाकू प्रेमाने हॉस्टेलसाठी चकल्या पाठवायच्या, आणि त्या स्वराली इथेच, हॅरोशेजारच्या पिनरमध्ये, घरच्या गॅरेजात बसून खायची.

गॅरेजातलं मला ठाऊक, कारण मीही तिथेच होतो. कॉलेज चालू असताना स्वरालीने फुटबॉलच्या मैदानावर नोकरी धरली होती. फाटकावर उभं राहायचं, तिकिटं बघायची, बॅगा तपासायच्या. कंपनीने नंबराचा बिल्ला दिला आणि मंडळाकडे परत न केलेला मी तिच्या अंगावर पुन्हा चढलो. तीच मुलगी, तोच कोट, तोच तळहात. पण राजीवने मला पाहिलं आणि तोंड कडू केलं. "हा हॉलमध्ये टांगू नकोस. सिक्युरिटी गार्डचं घर वाटतं." मंडळासाठी फुकट उभी राहिली तेव्हा समाजसेवा होती. पगारावर उभी राहिली तेव्हा लाज झाली. मित्रांनो, याचा अर्थ मला कुणी समजावून सांगा, मी वाट बघतोय.

मला गॅरेजात गणपतीच्या मखरामागे कोंबलं. वर रंगाचे डबे, बाजूला मंडळाची मोठी पातेली, समोर थर्माकोलचा मोर. लांबून दिसावं म्हणून जन्मलेल्या मला मोरामागे लपवलं. आसावरी दर शनिवारी मला बाहेर काढायची, मुलीला घालायला द्यायची आणि संध्याकाळी ती परत आली की पुन्हा मागे ढकलायची. एकदा तिने माझी कॉलर घाईघाईने धुतली आणि वाळत घालायला बाहेर न्यायला घाबरली. मी कुबट वास घेऊन कितीतरी दिवस ओला पडून होतो.

असा जानेवारी आला. डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. स्वरालीने ज्या युनिव्हर्सिटीत अर्ज केला होता तिथून निरोप आला की दुसऱ्या वर्षात जागा थोड्याच आहेत, शनिवारी दुपारी व्हिडिओवर मुलाखत घेऊ. ती जागा मिळाली तर पुढची वर्षं तिची. नाही मिळाली तर वर्ष वाया आणि घरातल्या घरात लपणं तसंच चालू. आणि त्याच शनिवारी आसावरीने संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलेलं. निमंत्रणं गेलेली, तिळगूळ करून झालेला, वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणलेल्या.

दोघी गॅरेजात पातेलं शोधायला आल्या तेव्हा मी सगळं ऐकलं.

"मम्मी, कॅन्सल कर ना. प्लीज. माझी इंटरव्ह्यू आहे."

"अगं, रीडिंगहून येतायत त्या. आता कसं कॅन्सल करू? तू त्यांनाच विचार ना, दुसरा दिवस देतात का."

"त्यांचे सीट्स भरत आले आहेत. मी माझ्या रूममध्ये बसेन. दार बंद."

"वर कशी बसशील? सगळ्यांचे कोट तुझ्याच बेडवर ठेवतात. बायका वर येतात, साडी नीट करतात, बाथरूमला जातात. तू दिसलीस तर?"

"दिसलीस तर काय? मी काय चोरी केला आहे?"

आसावरी पातेल्यावरची धूळ पदराने पुसत राहिली. मग म्हणाली, "इथे बस. गॅरेजात. हीटर देते. फक्त दोन तासांचा प्रश्न आहे."

"आणि डॅड कुठे असणार?"

"बायकांच्या कार्यक्रमात ते काय करणार? ते जातील बाहेर."

ते जातील बाहेर! मला पाय असते तर मी त्या दिवशी राजीवच्या गाडीपुढे जाऊन उभा राहिलो असतो.

शनिवारी दुपारी तो खरोखरच स्क्रू घ्यायला म्हणून दुकानात निघून गेला. घरात काळ्या साड्या, बांगड्या, अत्तर, हसणं. आणि गॅरेजात रंगाच्या डब्यांवर लॅपटॉप ठेवून बसलेली स्वराली. हीटर कुरकुरत होता, थंडी काही हटत नव्हती. तिने पांढऱ्या शर्टावर मला चढवलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. कॅमेऱ्यात मी दिसणार हे तिला कळत होतं, पण दात वाजत असताना बोलायचं कसं?

पडद्यावर दोन माणसं आली. एक पिकल्या केसांच्या बाई आणि एक जाड चष्म्याचे गृहस्थ, जे पूर्वी तुरुंगातून सुटलेल्या लोकांवर देखरेख ठेवायचं काम करायचे. नमस्कार झाले, पहिला प्रश्न झाला आणि पडदा गोठला. बाईंचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. गॅरेजात मोबाईलची रेंज कधीच नव्हती, आणि घरातलं वायफाय भिंतीपलीकडून कसंबसं झिरपायचं. स्वरालीने लॅपटॉप डोक्यावर धरला, मोराजवळ नेला, दाराला टेकवला. आवाज तुकड्यातुकड्याने आला. "तुमचा आवाज तुटतोय... जमत नसेल तर... पुढच्या उमेदवाराला..."

वायफायचा राउटर दारातल्या हॉलमध्ये, जिन्याच्या पायथ्याशी. त्याला लागूनच बैठकीची खोली.

तिचा श्वास माझ्या अस्तराला लागत होता. तिने स्वयंपाकघराचं दार पायाने ढकललं आणि उघडा लॅपटॉप छातीशी धरून चालायला लागली. ओट्यापाशी तिळाच्या वड्या ताटात मांडणारी आसावरी ओरडायलाही विसरली.

हॉलमध्ये पाऊल पडताच बैठकीतल्या सगळ्यांनी मला पाहिलं. पाहणारच, मी त्यासाठीच आहे. रेखाकाकूंच्या हातातली वडी तोंडापर्यंत जाऊन राहिली.

"अगंबाई, स्वराली? तू इथे? आणि हे काय घातलंयस? तुझी युनिव्हर्सिटी..."

स्वरालीने उजवा तळहात सरळ पुढे धरला.

रेखाकाकू जागच्या जागी थांबल्या. इतक्या वर्षांची सवय होती त्यांना त्या हाताची.

ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली, लॅपटॉप मांडीवर. चित्र स्वच्छ आलं. मुलाखत इंग्रजीत होती, मी माझ्या भाषेत सांगतो. बाईंनी विचारलं, "डिप्लोमावर तुम्हाला नोकरी मिळेल. मग क्रिमिनल जस्टिसची पदवी कशाला?"

"मी मैदानाच्या फाटकावर उभी असते," स्वराली म्हणाली. "सगळ्यांच्या बॅगा तपासायला वेळ नसतो, म्हणून मधूनच कुणालाही थांबवायचं असतं. एकदा मी एका काकांना थांबवलं. ते म्हणाले, गेल्या वेळीही तूच मला थांबवलंस, त्याच्या आधीही तूच. मग मी माझ्या हाताकडे लक्ष ठेवलं. तो पुढे जायचा तो बहुतेक माझ्या बाबांसारख्या दिसणाऱ्या माणसांपुढे. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. नियमात तसं नव्हतं. तरी हात जायचा. कॉलेजात मी नियम शिकले. हात असा का जातो, आणि पोलिसांचा, कोर्टाचाही तसाच जातो का, हे मला शिकायचंय."

चष्म्याचे गृहस्थ पुढे झुकले. "मग तुम्ही काय केलंत?"

"काकांची माफी मागितली. सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, तू फाटक सांभाळ, डोकं चालवू नकोस. मला तेव्हापासून राग आहे."

मलाही होता. त्या दिवशी मी तिच्या अंगावरच होतो.

बाईंनी काहीतरी टिपून घेतलं आणि साधाच प्रश्न विचारला. बहुधा सगळ्यांनाच विचारत असतील. "दुसऱ्या वर्षात थेट येणाऱ्यांना अभ्यास जड जातो. तुम्हाला घरी अभ्यासाला शांत जागा मिळते का?"

स्वरालीला जे माहीत होतं ते सांगण्यासारखं नव्हतं, आणि खोटं तिला बोलायचं नव्हतं. घरात तेवढं एक खोटं पुष्कळ झालं होतं. तिने मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात आसावरी ताट घेऊन उभी होती.

मागे रेखाकाकू आपल्या समजुतीने हळूच, पण सगळ्या घराला ऐकू जाईल असं शेजारणीला म्हणाल्या, "अहो, कॉलेज काय म्हणतेय ही? ही तर लॉ करते ना?"

"जरा हळू बोला," आसावरी म्हणाली.

सगळ्या तिच्याकडे वळल्या. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज चांगला मोठा होता.

"हळू बोला सगळ्याजणी. माझ्या मुलीची मुलाखत चालू आहे. ती लॉ करत नाही. यॉर्कशायरला कधी गेलीच नाही. ती इथेच असते, हॅरोच्या कॉलेजात जाते आणि नोकरी करते. आणि आता तिला ऐकू येऊ दे."

हळदीकुंकवाला जमलेल्या बायका एकाच वेळी गप्प बसल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. एकीने तर बांगड्या वाजू नयेत म्हणून मनगट मुठीत धरलं.

स्वराली पडद्याकडे वळली. "हो," ती म्हणाली. "आता मिळेल."

मुलाखत संपली तेव्हा आसावरी करंडा घेऊन आली. तिने मुलीच्या कपाळाला हळद लावली, मग कुंकू. चिमूटभर कुंकू माझ्या कॉलरवर सांडलं. स्वराली काही तिच्या गळ्यात पडली नाही. डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं होतं, मला तिच्या छातीच्या ठोक्यावरून कळत होतं.

"मम्मी, हे मला आधी पाहिजे होता," ती म्हणाली.

"हो," आसावरी म्हणाली. आणखी काही बोलली असती तर मला ते आवडलं नसतं.

राजीव स्क्रूचं पाकीट घेऊन परत आला तेव्हा दारात त्याला रेखाकाकू भेटल्या. त्या इतकंच म्हणाल्या, "चकल्यांचा डबा रिकामा झाला असेल तर इथूनच नेते हो. यॉर्कशायरहून मागवायला नको." त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मार्च उजाडायच्या आत युनिव्हर्सिटीने होकार कळवला. थेट दुसरं वर्ष. तुम्ही म्हणाल, चला, आता तरी कोटाचा राग गेला. अजिबात नाही! कारण पाडव्याच्या कार्यक्रमात तोच राजीव छाती फुगवून सांगत होता, "क्रिमिनल जस्टिस! डायरेक्ट सेकंड इयर! आमच्याकडे हे कुणी केलेलं नाही." आणि घरी येऊन माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आता हा टाकून द्या. आता ती युनिव्हर्सिटीची आहे." काळ्या पिशवीत मला त्यानेच भरलं. बाह्या आत, पट्टे आत, वर गाठ.

गाठ स्वरालीने सोडली. "डॅड, मी ह्याच कोटमध्ये सिलेक्ट झाले," ती म्हणाली, आणि मला हॉलमध्ये, राउटरच्या वरच्या खुंटीवर टांगलं. दारातून आत येणाऱ्याला पहिला मीच दिसतो. कुणी विचारलं तर आसावरी सांगते, "स्वरालीचा. कामाचा." राजीव माझ्याकडे न बघता बूट काढतो. मीही त्याच्याशी बोलत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. मला धुवा, शिवा, जपा, असं मी म्हणणार नाही. चेन बिघडली तर बिघडू दे. पण तुमच्या घरात कुणी मधल्या वाटेवर असेल, अजून कुठेच पोचलं नसेल, तर पाहुणे आले म्हणून त्याला वर पाठवू नका, त्याचे बूट लपवू नका, त्याच्या नावाने दुसऱ्याच मुलाची गोष्ट सांगू नका. माणूस पोचल्यावर त्याला सगळेच बघतात. त्याला दिसायची गरज असते ती अंधारातून चालत असताना. हे मला शिवणाऱ्या बाईला माहीत होतं, आणि तिने तर स्वरालीला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

कॉलरवरचं कुंकू अजून आहे. आसावरीने परवा ते धुवायला काढलं होतं. स्वराली म्हणाली, "राहू दे. दिसू दे."